झोपेचं देणं

लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली सुरू झालं. आम्ही तिथल्या सुरुवातीच्या बॅचेसपैकी. वरच्या वर्गातल्यांकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नोट्स नव्हत्या, अभ्यास कसा करायचा हे सांगणारंही फारसं कुणी नव्हतं. जो जास्त जागतो तो पास होतो, एवढीच आमची श्रद्धा. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचा धसका घेतलेला. रात्री दोनलाही वसतिगृहाच्या निम्म्या खिडक्या उजळलेल्या असायच्या.

माझा रूम पार्टनर मात्र साडेदहाला चौरसियांचं शरीररचनेचं पुस्तक मिटायचा आणि पाठ टेकताच झोपायचा. मला त्याचा रागच यायचा.

गळिताचे दिवस होते. रस्त्याने उसाच्या गाड्या चालल्या होत्या, तेव्हा त्यानं सांगितलं. त्याचे आईवडील पाथर्डीकडचे ऊसतोड मजूर. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास घर सोडायचं, ते उन्हाळ्यातच परतायचं. दिवसभर तोड, मोळ्या बांधणं; आणि ट्रक मध्यरात्री आला तरी कोपीतून उठून तो भरायचा. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना एका रात्री त्याची आई खाली आली. हात मोडला.

"डोळे उघडे होते तिचे," तो म्हणाला, "पण ती झोपली होती. आपल्याला झोप फुकट मिळतीय गड्या, ती फेकू नको."

त्यानंतर माझी झोप त्यानं स्वतःच्या अंगावर घेतली. साडेदहाला दिवा तोच मालवायचा. पहाटे साडेचारला उठवायचा, स्टोव्हवर चहा ठेवायचा आणि स्वतःचा दंड पुढे करून म्हणायचा, "हं, दाखव नस कुठून जाते." ब्रेकियल प्लेक्सस हे नसांचं जाळं मी त्याच्या हातावर बोट फिरवून शिकलो. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यानं माझं पुस्तक काढून घेतलं आणि उशाखाली ठेवून वर झोपला. मी चिडलो, आदळआपट केली; तो हलला नाही.

पुढे झोपेचं शास्त्र वाचलं तेव्हा त्याचं म्हणणं पानोपानी भेटलं. जागेपणी मेंदूत झोपेची ओढ वाढवणारं अ‍ॅडेनोसिन साठत जातं. चहा-कॉफी त्याचा परिणाम काही तास अडवते, साठा काही कमी करत नाही. दिवसा वाचलेलं गाढ झोपेत पक्कं होतं. १९९७ साली 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड यांनी मोजून दाखवलं की, सतरा तास सलग जागलेल्या माणसाचं कामातलं भान रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढळतं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत स्टिअरिंग धरणं गुन्हा, त्या अवस्थेत आपण सलाइन लावतो, औषधांचे डोस लिहितो, आणि त्याला निष्ठा म्हणतो. याचा मला आजही संताप येतो.

माझा तो रूम पार्टनर स्वतःच्या तालुक्यात परत गेला, तिथंच दवाखाना काढला. ऊसतोडीहून परतलेल्या बायका त्याच्याकडे येतात. मी शिकवण्यात रमलो. माझ्या युनिटची ड्यूटी लावताना रात्रपाळी करणाऱ्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ मी मोकळी ठेवतो. त्या वेळचा राउंड मीच घेतो. नव्या निवासी डॉक्टरांना हे चैनीचं वाटतं, कुणी कारण विचारतं. मग मी त्यांना त्याच्या आईचं सांगतो.