भरपगारी रजा

दोस्तांनो, मी चार दिवस हवापालटाला गेलो होतो. हसू नका. हवापालट हा शब्द मीही आजवर पांढरपेशांच्या कथांतच वाचलेला. आपल्या वस्तीतला माणूस बाहेर पडतो तो पोटासाठी, मयतीला, नाहीतर चैत्यभूमीला. नुसतं पडून राहायला कोण जातो?

इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत मी रिंगखात्यात आहे. पाळी सुटली तरी कानात चात्या फिरतात, नाकात तूस असते. रजा साठली होती. हक्काची होती. तरी सायबापुढं उभा राहिलो आणि जीभ उचलेना. शेवटी खोटं बोललो, "आत्ती लई आजारी हाय." धडधाकट बाई मी चार दिवसांसाठी आजारी पाडली.

आत्ती राहते कृष्णेच्या पलीकडं, बेळगाव जिल्ह्यात. कुरुंदवाडावरून खिद्रापूर, तिथून नाव. खिद्रापूरला कोपेश्वराचं बाराव्या शतकातलं देऊळ आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला 48 खांब, आणि छत मधोमध गोल उघडं. वर आभाळ. दगड कुणी फोडले, कुणी वाहिले, ते मात्र तिथं कुणी सांगत नाही. ते बघून नावेत बसलो. अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक. पाण्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पल्याड पाट्या कानडी, बोलणं अर्धं मराठी. पण आपली वस्ती कुठं, हे ना मराठीत विचारावं लागलं ना कानडीत. गाव संपलं की ती आलीच. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तिकडं गेलं, त्यावर अजून भांडण आहे. गावकुसाच्या हद्दीवर दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठी करंजाखाली आडवा झालो. ऊसतोडीचे दिवस. लांबून ट्रॅक्टरचा आवाज, जवळ नुसतं पाणी. कानातल्या चात्या हळूहळू थांबल्या. डोळा लागतोय तोवर वरून आवाज आला, "कोन रं त्यो? कामधंदा न्हाई व्हय?"

मी ताडकन उभा राहिलो. "न्हाई जी, पाव्हना हाय."

तो गेला. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पण माझे पाय मला न विचारता उभे राहिले होते. कविता लिहिणारा, मोर्चात घसा फोडणारा मी. तो 'जी' कुठून आला? माझ्या आज्याच्या तोंडातून आला.

रात्री झोप नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना फटकारलं, हे आपण सभेत सांगतो. पण 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, ते कमी सांगतो. 1945 साली कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी कायद्यानं मिळाली. 1946 साली आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. दोन्हीमागं बाबासाहेब. म्हणजे ज्यानं चवदार तळ्याचं पाणी दिलं, त्यानंच ही दुपारची झोपही दिलेली. आणि मी ती चोरट्यासारखी घेत होतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच पडलो. तोच माणूस आला. मी उठलो नाही. पडल्या पडल्या सांगितलं, "सुट्टी हाय माझी. भरपगारी." तो बघत राहिला, मग चालता झाला.

छाती फुगवून घरी आलो आणि आत्तीला सगळं रंगवून सांगितलं. ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात भांगलून आलेली, भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आनि माजी सुट्टी कवा रं असती?"

मित्रांनो, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारखान्याचा कायदा शेताच्या बांधावर येत नाही. चुलीपाशी तर नाहीच नाही. तीन दिवस मी हक्काची विश्रांती घेत होतो ती तिच्या भाकरीवर.

चौथ्या दिवशी तिला कामावर जाऊ दिलं नाही. खाड्याचे पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. पिठलंभात मी केला, भात करपला. मग तिला नदीवर नेलं. तीस वर्षं धुणं घेऊन आलेली बाई पहिल्यांदा रिकाम्या हातानं आली. पाण्यात पाय सोडून बसली. थोडा वेळच. मग माझा टॉवेल ओढून घेतला आणि दगडावर आपटायला लागली.

"आत्ती, बस की गं."

"बसवंना रं," ती म्हणाली.

कामावर हजर झालो तेव्हा सायबानं विचारलं, "आत्ती कशी हाय?" म्हटलं, "आत्ती ठणठणीत हाय. मी रजेवर गेलतो." त्यानं वर बघितलं, आणि मी खात्यात गेलो.

पुढच्या बैठकीत फी, वसतिगृह, स्कॉलरशिप हे विषय आहेतच. त्याखाली आणखी एक लिहून ठेवा: आत्तीची सुट्टी. मी मांडणार आहे.