किल्ली कुणाकडे?

शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाचा चार्ज माझ्याकडे आला, तोवर बावीस वर्षं सर्जरीत गेली होती. अधीक्षकाची खुर्ची म्हणजे निवृत्तीआधीचा विसावा, असंच वाटलं. दुसऱ्याच महिन्यात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एक बाई दगावली.

तिच्या गटाच्या दोन पिशव्या आमच्याच रक्त साठवण केंद्रात होत्या. केंद्राला कुलूप. किल्ली टेक्निशियनकडे, टेक्निशियन गावी, फोनला रेंज नाही.

मातामृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत मी पहिलाच प्रश्न टाकला, "चूक कुणाची?" सगळ्यांच्या माना खाली. केसपेपरवरच्या साऱ्या वेळा एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या दिसत होत्या. मी आवाज चढवला. ऑपरेशन थिएटरात सर्जनचं ओरडणं खपून जातं. इथे खोली आणखी गप्प झाली.

बैठक उठल्यावर लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर दाराशी थांबल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही वेळ विचारली असती तर सांगितली असती."

मग सांगितली. 1.20 ला पहिला फोन, 2.05 ला किल्ली हाती. आणि जाता जाता हेही, की दुसऱ्या किल्लीसाठी त्यांनी अर्ज दिला होता. तो माझ्याच ट्रेमध्ये आठ दिवस पडून होता. 'कारकुनी' म्हणून मी त्या ट्रेला हात लावत नसे.

आम्हा डॉक्टरांची ही जुनी खोड. रुग्ण कल्याण समितीत मुकाट बसायचं आणि बाहेर चहाच्या टपरीवर प्रशासनाच्या नावाने बोटं मोडायची. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, तेव्हा मी नुसता सर्जन होतो. हळहळलो आणि ओपीडीला गेलो. आता फायर ऑडिटची फाइल एक्स-रे धरावा तशी उजेडात धरून वाचतो. अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा राउंडला स्वतः बघतो. वॉर्डबॉय हसतात. हसू देत.

बैठकीत मी आता शेवटी बोलतो. आधी फक्त विचारतो, "किती वाजता?" केसपेपरवर हल्ली दोन-तीन रंगांची पेनं दिसतात, खाडाखोडही दिसते.

दुसरी किल्ली लेबर रूमच्या भिंतीवर लाल दोरीला टांगलेली असते. रात्रपाळीच्या सिस्टर सही करून ती ताब्यात घेतात.