ईमेल म्हणजे माणूस नव्हे

महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात नवं वेब अॅप्लिकेशन आकार घेऊ लागलं की लगेच मागणी येते: ‘गूगलने लॉगिन’ द्या. काम अर्ध्या दिवसाचं समजलं जातं. लायब्ररी तयारच असते, मिडलवेअरच्या चार ओळी लिहिल्या की बटण चालू. मी मात्र ते सावकाश करते. आपल्या दारात कोण उभं आहे, हे इथे आपण दुसऱ्याच्या शब्दावर मानणार असतो.

मिडलवेअरमध्ये क्रमाला फार महत्त्व. पंगतीत वाढपी एकामागून एक येतात, तशी प्रत्येक विनंती हातोहात पुढे जाते: एक कुकी वाचतो, दुसरा सेशन मांडतो, तिसरा माणूस ओळखतो, चौथा त्याला आत काय करू द्यायचं ते ठरवतो. तिसऱ्याआधी चौथा आला, तर ओळखीचा माणूसही परका ठरतो.

त्या बटणामागचं ओऑथ २.० हे मानक ऑक्टोबर २०१२ चं, आणि ते लॉगिनसाठी नव्हतंच. माझे फोटो अमक्या अॅपला बघू दे, अशी परवानगी देणं एवढंच त्याचं काम. तरी लोक त्या परवानगीलाच ओळख मानू लागले. मग एका अॅपसाठी दिलेलं टोकन दुसऱ्यात चालवून भलताच माणूस आत शिरू शकत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट आलं आणि ओळखीचं वेगळं, सही केलेलं टोकन मिळू लागलं. ते कोणी दिलं, कोणासाठी दिलं, मुदत संपली का, सही खरी का, हे सगळं तपासायचं. आपल्याकडच्या सरकारी सेवांसाठी २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ आलं. तिथेही एका ठिकाणची ओळख अनेक दारांवर चालते, म्हणून ही तपासणी आणखी मोलाची.

गूगलकडून परतीच्या वाटेवर ‘स्टेट’ ही खूण तपासायची: लॉगिन ज्या ब्राउझरातून सुरू झालं, उत्तर त्यातच आलं ना? सहसा ही खूण कुकीत ठेवतात. अॅपलकडे नाव किंवा ईमेल मागितलं, की उत्तर साध्या रिडायरेक्टने न येता फॉर्म पोस्टने येतं. अशा वेळी ‘सेमसाइट लॅक्स’ कुकी ब्राउझर पाठवत नाही. गूगलने सगळं सुरळीत, अॅपलने मात्र प्रत्येक लॉगिन नामंजूर! त्या एका तात्पुरत्या कुकीला ‘नन’ आणि ‘सिक्युअर’ लावावं लागतं. स्टेटची तपासणीच काढून टाकण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळायलाच हवा.

सगळ्यांत जास्त वाद मी घालते तो ईमेलवरून. आलेला ईमेल आपल्या यादीत शोधायचा आणि सापडला की आत घ्यायचं, हे सोपं दिसतं. पण ईमेल बदलतो. कंपनीतला पत्ता माणूस नोकरी सोडून गेल्यावर दुसऱ्याला मिळू शकतो. अॅपल तर खरा पत्ता झाकून बदली पत्ताही देतं. टोकनमधला ‘सब’ हा आयडी त्या खात्यापाशीच राहतो. गूगल तो पुन्हा दुसऱ्या कोणाला देत नाही. ओळख धरायची ती टोकन देणारा आणि ‘सब’ या जोडीवर. जुन्या खात्याला नवं लॉगिन जोडायचं असेल, तर आधी जुन्या पद्धतीने आत येऊ द्यावं आणि मगच जोडावं.

तुमच्या अॅपचा युजर टेबल आज उघडून बघा. तिथे ‘सब’चा रकाना नसेल, तर पुढचं बटण जोडण्याआधी तो घाला.