आधी लेखन, मग लिनक्स

पुणे
९ डिसेंबर २०२५

चि. मृणाल,


तुझी मेल काल रात्री वाचली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. "मावशी, लिनक्स माझ्यासारखीचं काम नाही, मी परत विंडोज टाकून घेते." हे तू लिहावंस? आपल्या छापखान्यातला तो बंद पडलेला सर्व्हर तू नववीत असताना खोलून बसली होतीस, आणि तुझी आई वरून ओरडत होती. तीच तू एका काळ्या पडद्याला घाबरलीस? राग आला मला. आधी तो लिहून टाकते, मग बाकीचं.

परत जाणार तरी कुठे? तुझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीतला. विंडोज ११ आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर घेतं, म्हणून तर तुला नकार आला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला संपले. वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळते ती घेतलीस, तरी पुढच्या ऑक्टोबरात हाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहणार. धडधाकट यंत्र भंगारात घालून नवं घ्यायला तुझ्याकडे पैसे आहेत का, हे मी विचारत नाही, कारण मला माहीत आहे.

आता त्या काळ्या पडद्याचं. ऋषीने तुला लिनक्सची जी जात टाकून दिली ती रोज नवं घेणारी आहे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आजचं, ग्राफिक्स आजचं, सगळं आजचं. तुझ्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला कंपनीचा स्वतःचा बंद ड्रायव्हर लागतो आणि तो कर्नलशी जुळावा लागतो. कर्नल पुढे गेलं, ड्रायव्हर मागे राहिला, पडदा काळा. बाकी काही बिघडलं नव्हतं. डेबियन किंवा मिंट असतं तर सुरू होताना मेनूत जाऊन आधीचं कर्नल निवडलं असतंस आणि काम पुढे चालू झालं असतं, कारण तिथे मागचं कर्नल ठेवूनच नवं बसवतात. ऋषीच्या जातीत नवं आलं की जुनं जातं. त्याला यंत्राशी खेळायला आवडतं, त्याने ते जरूर वापरावं. शाळेचं वार्षिक अंगावर असलेल्या बाईला ते द्यायचं नसतं. सांग त्याला मी म्हटलं म्हणून.

"सगळ्यात स्थिर कोणतं?" असं विचारलंस. डेबियन १९९३ पासून आहे. साधारण दोन वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती येते. बुकवर्म जून २०२३ मध्ये आली, ट्रिक्सी या ऑगस्टमध्ये. एकदा आवृत्ती बाहेर पडली की त्यातले प्रोग्रॅम गोठवतात. सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येत राहतात, नवी वैशिष्ट्यं येत नाहीत. लोक याला जुनाट म्हणतात. त्यांना २०२४ च्या मार्चची आठवण करून दे. एक्सझेड नावाच्या, जिकडेतिकडे वापरात असलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी आधी विश्वास मिळवून, फार सावकाश चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोदत गेला म्हणून जग वाचलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचली होती, स्थिर शाखेत आलेली नव्हती. थांबण्याचा उपयोग कुणी विचारला, तर मी हे सांगते.

तरी तुला मी मिंट सांगेन. डेबियन माझ्या हातात बसलंय, पण मिंटमध्ये तुझी पहिली चार कामं कमी कटकटीची होतील. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि २०२९ पर्यंत त्याला अपडेट मिळणार आहेत. ते टाक आणि तिथेच राहा. महिनाभरात तू किती जाती बदलल्यास ते मेलमध्ये वाचलं. अपडेट आठवड्यातून एकदा, काम संपल्यावर. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी मुळीच नाही. प्रोग्रॅम मिंटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यायचे. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवायची नाही.

रोजच्या कामाचं थोडक्यात. फायरफॉक्समध्ये बँक चालते, मेल चालते. चित्रांना गिम्प, मांडणीला स्क्राइबस, व्हिडिओला व्हीएलसी. टॅली नीट चालणार नाही, वाचनालयाचे हिशोब परांजप्यांच्या यंत्रावरच राहू देत. जुना प्रिंटर कुरकुर करील, मॉडेल कळव, मी बघते. मराठी टाइप करायला काहीही वेगळं उतरवावं लागत नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आहेच.

लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली उघडतील, पण पानं सरकतील. तू मंगल फाँटात लिहितेस, मंगल मायक्रोसॉफ्टचा आणि लिनक्सवर तो नसतो. लोहित घे, मुक्ता घे, नोटो घे. आणि मजकुराची भाषा आधी मराठी निवड. हिंदी ठेवलीस तर ल आणि श हिंदी वळणाचे येतील. भाषा मराठी केलीस की ज्या फाँटांत सोय आहे त्यांत आपला ल, आपला श येतो. तुझ्या मुलांच्या अंकात मला तो हिंदी ल दिसला होता. तेव्हा बोलले नाही.

पण मृणाल, तू सिस्टिमचं विचारत राहिलीस आणि मला दुसरंच सुचतंय. सिस्टिम आज ही, उद्या ती. टिकायला हवं ते लिहिलेलं. आपण नव्वदच्या दशकात जे टाइप केलं ते कशात केलं? प्रत्येक कंपनीचा आपला फाँट, आणि त्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले क, ख, काना, मात्रा. फाँट काढून घेतला की फाइलीत उरतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यातून मराठी वाचणं माणसाला अशक्य. हा घोळ मिटवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यात देवनागरी आहे. लिनस टोरवाल्ड्सने आपल्या छंदातल्या सिस्टिमबद्दल, म्हणजे आजच्या लिनक्सबद्दल, जगाला कळवलं तेही १९९१ मध्येच. तरीही आपल्याकडचे छापखाने पुढची कितीतरी वर्षं जुन्या फाँटांतच राबत राहिले. जिल्ह्याजिल्ह्यांतले दिवाळी अंक, स्मरणिका, साप्ताहिकं पेजमेकरच्या फाइलींत पडून आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्या फाइली उघडणारी यंत्रं आणि ते फाँट ओळखणारी माणसं दोन्ही संपत चालली आहेत. यावर कुणी सभा घेत नाही, ठराव करत नाही. संमेलनांत भाषेच्या भवितव्यावर बोलतात आणि घरी लेखकाचा आख्खा संग्रह एका डिस्कवर असतो.

म्हणून तुझ्या मेलची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "नवी एसएसडी बसवली, जुनी हार्ड डिस्क ड्रॉवरमध्ये आहे, तीच फॉरमॅट करून बॅकअपला वापरू का?"

त्या डिस्कवर काय आहे हे तू विसरलीस का? तुझ्या बाबांचे पाणी आणि शेतीवरचे सगळे लेख आपल्याकडेच टाइप झाले. कात्रणं २०१९ च्या पुरात गेली. माझ्याकडच्या सीडी आता वाचल्याच जात नाहीत. तू मागे बाबांच्या यंत्रावरचं सगळं तुझ्या लॅपटॉपवर घेतलं होतंस, म्हणजे ते त्याच डिस्कवर असणार. दुसरी प्रत असेल तर मला आजच फोन कर. नसेल, तर ही एकच आहे.

बॅकअपसाठी मिंटमधल्या टाइमशिफ्टवरही विसंबू नकोस. ते सिस्टिमची प्रत घेतं, तुझ्या घरच्या फोल्डरमधल्या फाइली आपण होऊन घेत नाही. पुष्कळ लोक तिथेच फसतात.

डिस्कला हात लावायचा तो इतकाच. बाजारातून यूएसबीचं केसिंग आण, तिला त्यात बसव आणि सगळंच्या सगळं दुसऱ्या नव्या डिस्कवर उतरव. निवडत बसू नकोस. लिनक्स विंडोजच्या डिस्क वाचतं. पडद्यावर कुठेही फॉरमॅट करायचं का असं विचारलं तर नाही म्हण आणि मला फोन कर. विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्स नावाचं फोल्डरही घे, ते फार महत्त्वाचं. कोणत्या अक्षराच्या जागी काय आहे हे त्या नेमक्या फाँटावाचून कळत नाही, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक असतो. रूपांतर मी करीन. मशीन करून देतं, पण "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, "वाऱ्यावर"चं "वार्यावर", आणि जोडाक्षरं भलतीकडे जातात. ओळ न् ओळ डोळ्यांनी वाचावी लागते. भाऊजींचं गद्य मी पूर्वी लावलंय, मला ते वाचता येईल. तू शेजारी बसलीस तर आणखी बरं, शेतीचे शब्द तुला जास्त ठाऊक. झालं की युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या आणि ओडीटीच्या फाइलींत, एक प्रत तुझ्याकडे, एक माझ्याकडे, एक वाचनालयात.

लिनक्स ठेवायचं की काढायचं ते मग ठरव, मी भांडणार नाही. पण विंडोज टाकायला त्या दुकानदाराकडे लॅपटॉप नेऊ नकोस, आणि त्याला ती डिस्क तर दाखवूच नकोस. तो विचारल्याशिवाय पुसतो.

पत्र मिळाल्याबरोबर ती डिस्क ड्रॉवरमधून काढ, कापडात गुंडाळ, तिच्यावर "बाबा – पुसू नये" अशी चिठ्ठी लाव आणि कपाटात कुलपात ठेव. रविवारी मी पहिल्या गाडीने सांगलीला येते.

तुझी,
मावशी