एका फळीची रेहल

कुरआन शरीफची रेहल आपण रोज उघडतो, मिटतो. ती बनते कशी, हे मात्र क्वचितच कुणी पाहते. चांगली जुनी रेहल दोन फळ्या जोडून केलेली नसते. फळी एकच, जाड. कारागीर तिच्या मधोमध, बोटांत बोटे गुंतवल्यासारखे दाते पटाशीने कोरतो आणि दोन्ही टोकांकडून ती जाडीतून चिरत त्या दात्यांपर्यंत आणतो. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, बिजागरी नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पुन्हा फळी.

आम्ही एटापल्लीची माणसे सागाच्या मुलखात राहतो. शेजारच्या आलापल्लीचे ‘वनवैभव’ तर 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ ठरले. म्हणूनच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका रेहलविषयी वाचून आम्हाला विशेष आनंद झाला. हसन सुलेमान इस्फहानी या कारागिराने ती हिजरी 761 मध्ये, म्हणजे इ.स. 1360 मध्ये घडवली. वर ‘अल्लाह’ हे नाव, खाली कमानीत फुलापानांची नक्षी, आणि लाकूड सागवान! इराणकडे साग उगवत नाही; तो दुरूनच गेला असणार.

तिथे ती शिल्पासारखी काचेआड आहे. आमच्या घरात वाद पेटला तो याच काचेवरून. अम्मींच्या माहेरच्या रेहलचा एक दाता गेल्या रमजानमध्ये तुटला. मुले म्हणाली, “आता ही शोकेसमध्ये ठेवू. दादीजान, तुम्हाला तिलावतीसाठी प्लास्टिकची आणतो.” अम्मी ऐकेनात. सुतारदादा लोखंडी बिजागरी ठोकून द्यायला तयार होते, त्यालाही त्यांनी नकार दिला.

आम्हाला अम्मींचे पटले. मशिदीत पुतळे, तसबिरी नाहीत. आपल्या कारागिरांचा हात चालला तो मिंबरवर, दारांवर, रेहलवर. म्हणजे जिथे माणूस पाय ठेवतो, ढकलतो, हात टेकतो तिथे. अम्मींच्या रेहलवरची वेल अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाली आहे. नवीन असताना ती इतकी सुंदर दिसली असेल, असे आम्हाला वाटत नाही. (प्लास्टिकच्या रेहलला आमचा विरोध नाही, मदरशात तीस मुलांना दुसरे काय परवडणार?)

शेवटी सुतारदादांनी सागाचा बोटभर तुकडा घासून घासून तुटक्या दात्याच्या जागी बसवला. चार दिवस लागले. मजुरी घेताना त्यांनी रेहल दहा वेळा तरी उघडमीट करून पाहिली आणि म्हणाले, “अशी एक करून पाहावी म्हणतो.”

नवा दाता अजून फिकट दिसतो. अम्मी त्याच रेहलवर सतरावा पारा पढताहेत. शोकेसमध्ये मुलांनी क्रिकेटचा कप ठेवला आहे.