चार खिळ्यांची परवानगी

पार्ल्यात, पूर्वेला, टू बीएचके शोधायचं तर संध्याकाळी हिंडावं. महंत रोडवर दिवे लागलेले असतात आणि एजंट किल्ल्यांचा जुडगा घेऊन भराभर पुढे चालत असतो. गल्लोगल्ली एखादी तरी इमारत हिरव्या जाळीआड गेलेली. रिडेव्हलपमेंट. तिथली माणसं मुलांची शाळा, नेहमीचे डॉक्टर सुटू नयेत म्हणून याच गल्ल्यांत भाड्यानं घर बघतात, त्यामुळे भाडी चढलेली. जन्म काढलेलं घर सोडून दोन गल्ल्या पलीकडे निघालेले आजोबा जिन्यात भेटले, की आपलीही घाई ओसरते.

मला दुसरी खोली हवी होती ती आईसाठी. तिनं हॉलमध्ये अंथरूण घालायला सगळ्यांची जेवणं उरकायची वाट बघत बसावं, हे मला नको होतं. दार लोटून दुपारी तासभर आडवं होता येणं, ही या शहरात फार मोठी गोष्ट आहे. चाळीतल्या एका खोलीत सहा-सात जणांत जे वाढले, त्यांना हे सांगावं लागत नाही.

अखेर एक घर मनात भरलं. दुसरी खोली लहानच. पलंग, कपाट आणि मधून एका माणसापुरती वाट. पण खिडकी पूर्वेची. स्वयंपाकघराला नवा रंग दिलेला होता, तरी कोपऱ्यात डोळ्यांच्या उंचीवर, बुजवलेल्या दोन भोकांच्या जरा वर, काजळीचा बोटभर डाग रंगाखालून उमटला होता. तिथं देव्हारा असणार. रोज सांजेला दिवा लागत असणार. आधीचे भाडेकरू कोण, कुठले, मला ठाऊक नाही. पण हे घर त्यांनी आपलं मानलं होतं. ते घर घ्यायचं मी तिथंच ठरवलं.

मग लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा आला. अकरा महिने, डिपॉझिट, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाडेकरू घर सोडणारच नाही, ही मालकांची धास्ती मी समजू शकते. 1947 च्या कायद्यानं मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. 1973 मध्ये लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. त्यानंतर कितीतरी घरं नुसती कुलूपबंद राहिली. पण 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आल्यापासून चित्र पालटलंय. मुदत संपली की घर सोडावंच लागतं, न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. अकरा महिन्यांचा आकडासुद्धा त्या कायद्यानं घातलेला नाही. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नसे, तेव्हाची ती सवय. आता नोंदणी सगळ्यांनाच सक्तीची आहे, आणि ती जबाबदारी मालकाची.

अकरा महिन्यांत पावसाळा येऊन जातो, गणपती येतात, दिवाळी येते. माणूस त्या घरात आजारी पडतो, बरा होतो. आईनं बाबांचा फोटो कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलाय. घसरू नये म्हणून खाली वर्तमानपत्राची घडी लावलीय. पंखा जोरात लावला, की ती उठून फोटो नीट करते.

घरमालकांनो, डिपॉझिट तुमच्याकडे असतंच. भोकं बुजवायला लागेल तेवढ्या पुट्टीचे पैसे त्यातून खुशाल कापून घ्या. पण भाडेकरूला चार खिळे ठोकू द्या.