गंगाजळी आणि विमा

लष्कर, ग्वाल्हेर



पहिली आयुर्विमा पॉलिसी हाती आल्यावर तिच्यातील निम्मे शब्द दुर्बोध वाटले, असे चिरंजीव भाचीने कळवले आहे. त्यांची उकल ग्वाल्हेरच्याच एका जुन्या तजविजीपासून करणे सोयीचे ठरते. दुष्काळ किंवा युद्ध यांसारख्या संकटांसाठी शिंदे दरबाराने राखून ठेवलेला गुप्त खजिना गंगाजळी या नावाने ओळखला जाई, आणि 1886 मध्ये महाराज जयाजीराव शिंदे निवर्तले तेव्हा मागे राहिलेला हा साठा प्रचंड होता. ही दूरदृष्टी खरीच, परंतु तिला विमा म्हणता येत नाही, कारण तीत धोका ज्याचा त्याच्याच माथी राहतो. विम्यात मात्र सारखाच धोका असलेले असंख्य लोक थोडी थोडी रक्कम एकत्र करतात आणि ज्या मोजक्यांवर प्रसंग ओढवतो त्यांना त्या निधीतून भरपाई मिळते. ही थोडी रक्कम म्हणजे हप्ता, आणि प्रसंगी देय होणारी ठरीव रक्कम म्हणजे विमा रक्कम. एकच हप्ता भरून विमाधारक दगावला तरी पूर्ण विमा रक्कम देय ठरू शकते, जे स्वतःच्या बचतीला कधीच साधत नाही.

याच कारणाने मुदतीपूर्वी पॉलिसी मोडल्यास मिळणारे सरेंडर मूल्य आरंभीच्या वर्षांत भरलेल्या हप्त्यांहून बरेच कमी भरते: काही भाग झालेल्या संरक्षणात, तर काही एजंटाच्या कमिशनात आणि इतर खर्चात गेलेला असतो. विम्याला बचतखाते समजणाऱ्यांची निराशा बहुधा इथेच होते.

पॉलिसीसाठी भरायच्या प्रस्तावपत्रात मधुमेह किंवा जुनी शस्त्रक्रिया लपवणे हा सर्वांत महाग पडणारा प्रमाद होय, मग ‘त्याने काही बिघडत नाही’ असे एजंट कितीही म्हणो. अशा लपवाछपवीवरून कंपनी दावा नाकारू शकते; विमा कायदा, 1938 च्या कलम 45 नुसार पॉलिसी दिल्यापासून तीन वर्षांनंतर मात्र कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. परंतु बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्यास ही मुदत नव्याने मोजली जाते, हे अनेकांच्या गावीही नसते.

नॉमिनी म्हणजे दाव्याची रक्कम ज्याच्या हाती द्यायची ती व्यक्ती. अशी व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारणारी असून मालकी वारसांचीच असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सरबती देवी खटल्यात दिला. विमा कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, पतिपत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचे हक्कदार ठरवले खरे, तरी वारसाहक्काच्या कायद्याशी त्याचा मेळ कसा घालावा, हा वाद न्यायालयांत गेलेला आहे. चिरंजीवांच्या पॉलिसीच्या पहिल्या तक्त्यात आईचे नाव आहे. विवाहानंतर ते आपोआप बदलत नाही, त्यासाठी शाखेत स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो.